पातालपाणीच्या पुलावर चढाची वाट पाहताना

नागपूरहून सुटणारी छिंदवाड्याची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी गाडी, २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. तेव्हापासून नागपुरात छोट्या गाडीच्या डिझेल इंजिनाचा फोटो काढायचा म्हटलं की मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयाच्या आसपास फिरायचं आणि उभ्या इंजिनांवर समाधान मानायचं. मला मात्र धूर हवा होता, चढ हवा होता आणि खाली दरी असलेला जुना पूल हवा होता. म्हणून मित्राला घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं इंदूर गाठलं. तिथून महूमार्गे पातालपाणी.

हा मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा घाट इंदूरच्या होळकरांच्या काळातला. दुसऱ्या तुकोजीरावांनी या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं आणि १०१ वर्षांच्या मुदतीनं. संस्थानिकानं साहेबाचा सावकार व्हावं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. डिसेंबर २०१८ पासून पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली. अंतर दहा किलोमीटरही नाही, पण त्यात बोगदे, वळणं आणि चोरल नदीच्या दरीवरचे पूल. गाडी रोज नसते, वेळाही बदलतात. निघण्याआधी चौकशी केलेली बरी.

इंजिन वायडीएम-४. मूळ आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा, पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनलेलं. सहा सिलिंडर, साधारण साडेतेराशे अश्वशक्ती. लोकोपायलटनं नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो, हवा कमी पडते आणि काळा लोट उठतो. म्हणजे धूर कधी मिळणार, हे चढावर ठरतं.

आता गंमत अशी की पातालपाणीहून कालाकुंडला गाडी उतरते. बहुतेक लोक सकाळच्या याच फेरीसाठी गर्दी करतात. ब्रेकवर येणारं इंजिन शांत असतं, फोटो सुबक येतो आणि त्यात काहीच घडत नाही. मी ती फेरी फक्त फ्रेम ठरवायला वापरली: पुलाचे किती खांब दिसतात, कुठली फांदी आड येते, डबे पुलावर असताना इंजिन कुठवर पोचतं. खरं काम दुपारचं, परतीच्या चढाचं.

रुळांवर किंवा पुलावर जायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात तिथला दगड शेवाळलेला असतो. आम्ही गावातल्या एका काकांना विचारून समोरच्या टेकडीवरची पायवाट धरली. ७०-२०० ची झूम लेन्स पुरते. ढगांमुळे उजेड कमी, म्हणून आयएसओ १६०० आणि शटर १/५००. काळं इंजिन आणि हिरवी दरी यांत कॅमेरा गोंधळतो, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, हातानं ठरवलं. लेन्सवर प्लास्टिकची पिशवी, रबरबँड लावून. महागडं रेनकव्हर घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

मधल्या वेळात मित्र भुट्टे घेऊन आला. "भाऊ, गाडी येऊन राहिली की नाही?" असं दर पाच मिनिटांनी. मग खालून आवाज आला. चढावरच्या अल्कोचा आवाज गाडी दिसण्याच्या खूप आधी येतो, त्यामुळे घाई होत नाही. ढग दरीत उतरत होते. इंजिन वळणावरून पुलाकडे आलं, नॉच वाढला आणि धुराचा लोट थेट आमच्या बाजूला वळला. मी बटण दाबून धरलं.

स्क्रीन पाहून मित्र म्हणाला, "अबे, पूल तर दिसूनच नाही राहिला!"

खरं होतं. दोन खांब दिसत होते, बाकी सगळा धूर. त्याआधीच्या फ्रेममध्ये पूल पूर्ण आहे, इंजिनही चोख आहे. घरी मोठी करून लावली ती धुराचीच.