खोल्या आहेत हो, दहा ते एक शिल्लक नाही

जून लागला की आमच्या कॉलेजात दोघांनाच भाव येतो, एक अ‍ॅडमिशनच्या खिडकीवरचा क्लार्क आणि दुसरी मी, म्हणजे टाइमटेबल कमिटी. कमिटीत कागदावर पाच नावं आहेत पण फोन सगळे मलाच. क्लार्कचा भाव ऑगस्टपर्यंत उतरतो, माझा काही उतरत नाही, कॉरिडॉरमधून जाताना कुणीतरी बाजूला घेतं आणि "मॅडम, तेवढं माझं गुरुवारचं पहिलं बघा ना" सुरू होतं. गुरुवारचं पहिलं, शुक्रवारचं शेवटचं, आणि शनिवारचं तर कुठलंही.

प्रत्येक मीटिंगला एक वाक्य ठरलेलं, खोल्या कमी पडतायत. मग वरचा मजला कधी चढवायचा, संस्थेकडे प्रस्ताव पाठवायचा का, चहा येतो, विषय संपतो. एकदा मी दुपारी तीन वाजता आमच्या शिपाई मामांकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि खालपासून वरपर्यंत चक्कर मारली. एका खोलीत ट्यूटोरियल चालू होतं, एका खोलीत एनसीसीची पोरं डबा खात होती, बाकी बिल्डिंग रिकामी. दोन ठिकाणी पंखे मात्र जोरात फिरत होते.

तर खोल्या आहेत. दहा ते एक शिल्लक नाही. सगळ्यांना सगळं त्या तीन तासांत हवं असतं आणि त्याला कारणंही आहेत, नुसता आळशीपणा नाही तो. तालुक्याचं कॉलेज आहे, निम्म्याहून जास्त पोरं एसटीच्या पासवर येतात. वरच्या गावांकडे जाणारी गाडी दुपारी सव्वातीनला सुटते, त्यानंतरची थेट संध्याकाळी, आणि मुलींच्या घरचे संध्याकाळच्या गाडीला सरळ नाही म्हणतात. म्हणजे अडीचनंतर लावलेलं लेक्चर हे कागदावरचं लेक्चर, वर्गात गावातली चारदोन पोरं आणि त्यातही दोघं घड्याळाकडे बघणारी. सकाळची पहिली गाडी पावणेआठच्या पुढे पोचते. त्यामुळे आमचा दिवस आठ ते अडीच. तो मी नाही ठरवला, डेपोने ठरवला, मी फक्त टाइप करते.

त्यातून तळमजला आणि पहिल्या मजल्याचा अर्धा भाग सकाळी साडेसातपासून ज्युनिअर कॉलेजकडे. अकरावी-बारावी बाराशिवाय खोल्या सोडत नाही, आणि त्यांची संख्या आमच्यापेक्षा जास्त असल्यामुळे त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. उरलेल्या खोल्यांत आमचं एफवाय, एसवाय, टीवाय, एमए, एमकॉम, एमएस्सी. मजा म्हणजे नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या तपासणीच्या वेळी खोल्या किती आणि प्रोजेक्टर कितीत ते मोजलं जातं, खोली आठवड्यातले किती तास वापरात असते आणि वापरात असताना किती भरलेली असते हा हिशेब कुणी मागत नाही. साधा गुणाकार आहे. खोली निम्मा वेळ वापरात आणि वापरात असताना निम्मीच भरलेली, म्हणजे तुम्ही तिचा पाव भाग वापरताय. आमच्या काही खोल्या पावाच्याही खाली जातील, मी मुद्दाम लिहून कुणाला दाखवलं नाही.

आता एनईपी, म्हणजे नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ ला लागू झालं, आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांना २०२४-२५ ला, आणि तेव्हापासून माझ्या एक्सेल शीटचा रंग बदलला असं म्हणायला हरकत नाही. पूर्वी आमची तासिका ४८ मिनिटांची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाने असिस्टंट प्रोफेसरचा वर्कलोड १६ तास, म्हणजे ४८ मिनिटांच्या बरोब्बर २० तासिका, सगळ्यांना तोंडपाठ. एनईपीत प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, आणि क्रेडिटचा हिशेब ६० मिनिटांच्या तासाचा. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, २ क्रेडिटचा पेपर ३० तासांचा, आणि ३० तासांच्या ४८ मिनिटांच्या तासिका केल्या तर साडेसदतीस होतात, ती अर्धी तासिका घ्यायची कधी यावर आमची अख्खी एक मीटिंग गेली. शेवटी तास ६० मिनिटांचा केला. ऐकायला छान. पण आठ ते बारा या चार तासांत एका खोलीत पाच लेक्चरं बसायची, ती आता चार बसतात. एकही भिंत न पाडता प्रत्येक खोलीतलं सकाळचं एक लेक्चर गेलं. आणि त्याच वेळी विषय वाढले, मेन विषय आहेतच, वर ओई (दुसऱ्या फॅकल्टीचा विषय), एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (अभ्यासाबरोबरचे उपक्रम), सगळे दोन-दोन क्रेडिटचे तुकडे. लहान तुकडे बसवायला सोपे असतील असं वाटतं पण प्रत्येक तुकड्याला स्वतःची खोली, स्वतःचा माणूस आणि स्वतःचा तास लागतो.

सगळ्यात वाट लावली ती ओईने. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे पोराने दुसऱ्या फॅकल्टीचा विषय घ्यायचा. सायन्सवाल्याने आर्ट्स किंवा कॉमर्सचा, कॉमर्सवाल्याने सायन्सचा. शिकवायला मला स्वतःला आवडतं, कॉमर्सच्या पोरांना साबण आणि डिटर्जंट शिकवताना जितके प्रश्न येतात तितके बीएस्सीच्या वर्गात येत नाहीत. पण आमच्याकडे आजवर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स ही तीन वेगळी राज्यं होती, तीन टाइमटेबलं, एकमेकांशी देणंघेणं शून्य, आर्ट्सचं काय चाललंय हे सायन्सला फक्त गॅदरिंगला कळायचं. आता ओईच्या तासाला तिन्हीकडचं एफवाय एकाच वेळी मोकळं पाहिजे, म्हणजेच तिन्हीकडचं एफवाय एकाच वेळी खोल्यांत बसलेलं पाहिजे. सहाशेच्या आसपास पोरं. आणि पोरं काही समान वाटून विषय घेत नाहीत. शेअर मार्केटवाल्या विषयाला दोनशेच्या वर आणि एका बिचाऱ्या चांगल्या विषयाला अकरा. दोनशेला हॉल लागतो, हॉलमध्ये त्या दिवशी कुणाचंतरी उद्घाटन असतं, आणि अकरा जणांना ऐंशीची खोली मिळते कारण तीच उरलेली असते. मग आम्ही मर्यादा घातली, एका विषयाला एका खोलीत मावतील तेवढेच, बाकीच्यांनी दुसरा चॉइस. पालकांचे फोन आले. येऊदे.

प्रॅक्टिकलचं तर बोलायलाच नको पण बोलते. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट ३० तासांचं, म्हणजे २ क्रेडिटला ६० तास, पंधरा आठवड्यांत बसवायचे तर एका बॅचला आठवड्याला चार तास. आमच्या एफवायला केमिस्ट्रीच्या चार बॅच. सोळा तास लॅब फक्त एका वर्षाच्या एका विषयासाठी, एका माणसाचा अख्खा वर्कलोड तिथेच संपला. एसवाय आणि टीवायला लॅब तीच. तासिका तत्त्वावरचे आमचे जे सीएचबी शिक्षक आहेत ते दोन-दोन कॉलेजांत जातात, पोट भरत नाही एका ठिकाणी, मग सोमवार-मंगळवार-बुधवार आमचे आणि पुढचे तीन दिवस तिकडचे. त्यांना गुरुवार देता येत नाही आणि त्यांना तसं सांगायची माझी हिंमतही नाही, त्यांना मिळतं किती हे मला माहितीये.

आमच्या मॅथ्सच्या सरांनी मला सांगितलं की मॅडम तुम्ही करता त्याला ग्राफ कलरिंग म्हणतात. प्रत्येक लेक्चर म्हणजे एक ठिपका, ज्या दोन लेक्चरांना एकच शिक्षक किंवा एकच पोरगं लागतं त्या ठिपक्यांमध्ये रेघ ओढायची, रंग म्हणजे तास, आणि रेघेच्या दोन टोकांना एकच रंग आला की क्लॅश. रांगोळीइतकं सोपं वाटतं ना. तर १९७६ साली इव्हन, इताई आणि शामीर या तिघांनी सिद्ध केलं की टाइमटेबलचा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे कितीही मोठ्या टाइमटेबलला हमखास आणि झटपट उत्तर काढून देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. पण खरी गंमत पुढे आहे. खोल्या भरपूर आहेत आणि सगळे शिक्षक सगळे तास हजर आहेत असं धरलं तर नुसतं कुणी कुठल्या वर्गाला कधी शिकवायचं हे ठरवणं सोपं आहे, त्याला रीत आहे. अवघड होतं ते "मला अमुक तासाला जमत नाही" हे सुरू झालं की. हे ऐकून मला जे समाधान मिळालं ते पगारवाढीनेही मिळालं नसतं. त्याची प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावायचा विचार होता, सर नको म्हणाले.

सॉफ्टवेअर आहेत की, असं नवीन आलेले सगळे सांगतात. आहेत. मी एफईटी वापरते, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, रोमानियातल्या लिव्हियू लालेस्कू यांनी २००२ पासून चालवलंय. त्यात प्रत्येक अटीला टक्के देता येतात, १०० म्हणजे मोडायचीच नाही, काही अटींना त्याखाली देता येतं म्हणजे जमलं तर पाळ. पहिल्या वर्षी सगळ्या विभागांनी आपली सगळी माहिती दिली आणि प्रत्येकाची प्रत्येक अट १०० टक्क्यांची. सॉफ्टवेअर बराच वेळ घुमलं आणि कुठली लेक्चरं बसत नाहीत त्याची यादी देऊन मोकळं झालं. यादीत वर कोण होतं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी ती यादी घेऊन एकेका एचओडीकडे गेले आणि चहावर टक्के कमी करून आणले. सॉफ्टवेअरचा मुख्य फायदा मला वेगळाच दिसला. हाताने केलेलं टाइमटेबल असलं की "तुम्ही मुद्दाम केलंत", आणि तेच कॉम्प्युटरने दिलंय म्हटलं की माणसं निम्मी शांत.

मोठ्या ठिकाणी हे दुसऱ्या टोकाने करतात. आयआयटी बॉम्बेत स्लॉट आहेत, स्लॉट १ म्हणजे सोमवारी साडेआठ, मंगळवारी साडेनऊ, गुरुवारी ११:३५, असे आधीच छापलेले. कोर्सला वेळ देत नाहीत, स्लॉट देतात. एका स्लॉटमधले दोन कोर्स घेता येणार नाहीत, ज्यांच्या वेळा भिडत नाहीत अशा वेगळ्या स्लॉटमधले बिनधास्त घ्या, पोरगंसुद्धा क्लॅश स्वतः बघू शकतं. अमेरिकेत पर्ड्यूला यूनिटाइम नावाची सिस्टिम आहे, खोल्या, शिक्षक आणि पोरांची मागणी सगळं एकत्र घेऊन चालते, तीही ओपन सोर्स आहे. आपल्याला एवढं झेपायचं नाही, पण स्लॉटची कल्पना मी उचलली. ओई, एईसी, व्हीईसी यांचे तास आधी भिंतीवर ठोकले, सगळ्या कॉलेजला तेच, त्याला कुणी हात लावायचा नाही, उरलेल्यात प्रत्येक विभागाने आपापलं बसवायचं. या वर्षी थोडं हायसं वाटलं ते एवढ्या एकाच गोष्टीने.

अडतं ते "आमची खोली" या शब्दांवर. चौदा नंबर घ्या. सत्तावीस बेंच, बेंचवर तिघं धरले तर एक्याऐंशी जण, फळा चांगला, पश्चिमेचं ऊन येत नाही, रस्त्याचा आवाज नाही, कॉलेजातली सगळ्यात चांगली खोली. मागच्या भिंतीला एका विभागाची दोन कपाटं, भिंतीवर तक्ते, आणि दाराला कॉलेजच्या कुलपाशेजारी त्यांचं स्वतःचं कुलूप. तिथे आठवड्याला त्यांची आठ लेक्चरं होतात, टीवायला पोरं चौदा. आणि एफवाय बीकॉमचा नव्वदचा वर्ग वरच्या पत्र्याच्या शेडमधल्या खोलीत, मधोमध खांब, खांबामागच्या रांगेला फळा दिसत नाही, जुलैत पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शिकवणं बंद करून हजेरी घ्यायची, तीही बोटं वर करून. मी चौदा नंबर त्या बीकॉमला दोन तास मागितला. उत्तर आलं की कपाटात महत्त्वाची कागदपत्रं आहेत. मी म्हटलं कपाटाला कुलूप आहे ना. मग आलं की पोरं बेंच खराब करतात. बेंच कॉलेजचे. शेवटी मामांनी प्रश्न सोडवला, त्यांनी मला बाजूला सांगितलं की मॅडम त्या दुसऱ्या कुलपाची किल्ली हरवलीये दोन वर्षं झाली, ते लटकतंय नुसतं. दुसऱ्या दिवसापासून बीकॉम चौदामध्ये. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

हे सगळं बसलं की मग बाहेरचे येतात. युनिव्हर्सिटीची परीक्षा आली की खोल्या ब्लॉक होतात, एका बेंचवर एकजण बसवायचा म्हणजे एक्याऐंशीच्या खोलीत सत्तावीस, खोल्या तिप्पट लागतात आणि त्याच वेळी दुसऱ्या वर्षांची लेक्चरं चालू ठेवा असंही पत्र येतं. रविवारी कुठलीतरी भरती परीक्षा, तिचे बेंचवरचे नंबर सोमवारी पोरं नखाने खरवडत बसतात. निवडणूक असली की तळमजला गेलाच. आणि अ‍ॅडमिशनची शेवटची फेरी ऑगस्टात होते तोवर आम्ही ज्या वर्गाला साठची खोली दिलेली असते तिथे ब्याऐंशी झालेले असतात.

सध्या रिवाइज्ड टाइमटेबल नोटीस बोर्डवर आहे, ग्रुपवर टाकलंय, तरी सकाळी तिघांनी फोन करून खोली विचारली. सेम टूचा वर्कलोड सगळ्या विभागांकडे मागितलाय, लेखी, तारीख घालून. दोन विभागांचा अजून आलेला नाही, आणि त्यातला एक चौदा नंबरवाला आहे.