तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्याच्या टेरेसवरून दिसतं काय?

"एवढ्या लाइटमध्ये टेरेसवर जाऊन तुम्हाला दिसतं तरी काय हो?" लिफ्टमध्ये, नाक्यावर, लग्नात, कुठेही हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगतो.

तारे कमी दिसतात, खरंय. पण फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, वर व्याध झळकत असतो आणि त्याच्या बऱ्याच खाली अगस्त्य, हात लांब करून मूठ वळली की दहा अंश, अशा दोन मुठींना जरासा कमी इतका क्षितिजाच्या वर. हा तारा अथेन्समधून दिसतच नाही. ऱ्होड्स बेटावर तो क्षितिजाला घासून जातो आणि अलेक्झांड्रियात थोडा वर येतो, तेवढ्या फरकावरून आणि त्या दोन ठिकाणांमधल्या अंतरावरून पोसिडोनियस या ग्रीक विद्वानाने इ.स.पू. पहिल्या शतकात पृथ्वीचा घेर काढला! आणि आपल्याला तो घराच्या गच्चीवरून मिळतो, कारण आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे त्यांच्यापेक्षा बरंच दक्षिणेला राहतो.

आता येऊरच्या डोंगराकडे बघा. त्याच्या पलीकडे कान्हेरीची लेणी, अक्षांश जवळजवळ आपलाच, १९.२. तिथे सातवाहनांच्या काळात भिक्खू राहायचे, पावसाचं पाणी खडकात खोदलेल्या पोढींमध्ये साठवायचे, दिवे मालवले की डोक्यावर नुसतं आकाश. पृथ्वीचा अक्ष साधारण २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे तारे सरकतात, पण अगस्त्य अशा जागी आहे की दोन हजार वर्षांत त्याची उंची जवळपास बदललेलीच नाही. म्हणजे त्या भिक्खूला तो जेवढा वर दिसायचा तेवढाच मला दिसतो, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

ध्रुवाचं मात्र तसं नाही. आज तो उत्तरेला आपल्या अक्षांशाएवढा, १९ अंश वर, जवळजवळ स्थिर. त्या भिक्खूंच्या वेळी हाच तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून, म्हणजे ज्याच्याभोवती सगळं आकाश फिरताना दिसतं त्या जागेपासून, सुमारे १२ अंश लांब होता, रात्रभर गोल फिरायचा. उत्तर कुठली हे ते कसं ओळखत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

फेब्रुवारीत या घरी. वॉचमनदादा टेरेसचं दार साडेदहाला बंद करतात, त्याआधी अगस्त्य आरामात बघून होतो.