तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्टोव्ह घासून का ठेवत नाही

कपाट उघडलं की पाहुणा हेच विचारतो. "एवढे पितळी स्टोव्ह जमवलेत, मग घासूनपुसून लखलखीत का नाही ठेवत?" विचारणारा आपुलकीनंच विचारतो, पण मी आळशी आहे असं त्यानं मनात ठरवूनच टाकलेलं असतं, आणि ते लागतं मला. आजवर "राहून गेलंय" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं.

घासत नाही, कारण घासलेला स्टोव्ह मला ओळखता येत नाही. लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराचा प्रायमस नावाचा पंपाचा स्टोव्ह १८९२ साली स्टॉकहोममध्ये आला. रॉकेलची आधी वाफ करून मग ती जाळायची, म्हणजे काजळी धरत नाही, ही त्यातली युक्ती. ते नाव इतकं पसरलं की पंप मारायचा कुठलाही स्टोव्ह लोकांच्या तोंडी प्रायमसच झाला. "माझ्याकडे खरा प्रायमस आहे" असं कुणी सांगितलं, तर त्यावरून मला काहीच कळत नाही. त्यातून बर्नर बदललेला असतो, पंपाची दांडी दुसऱ्याच स्टोव्हची असते, झाकण तिसऱ्याचं. उरते ती टाकी. प्रायमसच्या टाकीवर १९११ पासून वर्षाचं अक्षर ठोकलेलं असतं, ते बहुतेक वेळा झिजून पुसट झालेलं. तिरप्या उजेडात, मळ अक्षराच्या खाचेत बसलेला असेल तरच ते उमटतं. काही टाक्यांवर मुळात निकेलचा मुलामा होता, त्याचा माग फक्त सांध्याच्या कडेला राहतो. बफचं, म्हणजे पॉलिशचं, चाक फिरवलं की हे सगळं गेलं. आम्लात बुडवून काढलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि टाकी तांब्यासारखी गुलाबी दिसते. लोक तिलाच "मूळ रंग" म्हणतात.

हे सगळं बरोबर आहे, पण हे कारण मी नंतर शोधलं. पहिलं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं.

मित्राचे वडील डोंगर चढणारे होते. ते गेल्यावर काकूंनी त्यांचा स्टोव्ह माझ्याकडे दिला. पत्र्याच्या चपट्या डब्यात मावणारा, पाय सुटे, बर्नर फिरवून काढता येणारा. "पेटतो का बघ रे," एवढंच म्हणाल्या. चमकवून दे, असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

काम मी मन लावून केलं. पंपाचं चामडी वायसर वाळून कडक झालं होतं, ते तेलात भिजवून मऊ केलं. पंपाच्या तळाच्या व्हॉल्व्हमधली चकती नवी घातली. निपलला पिन मारली, काकड्यानं बर्नर तापवला, दोन-चार पंप दिले आणि ज्योत निळी होऊन घुमू लागली. तिथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, काकूंच्या हातात तो नव्यासारखा पडावा. टाकी चाकावर धरली. बुडाला ओळीनं बारीक रेघा होत्या. मी त्या पाहिल्या. दगडावर घासून पडलेले ओरखडे असतील असं समजून तिथे जरा जास्तच दाबून धरलं.

काकूंनी स्टोव्ह हातात घेतला, हसल्या, आणि पहिल्यांदा तो उलटा केला.

"इथे रेघा होत्या ना रे?"

काका प्रत्येक मोहिमेहून परतल्यावर, स्टोव्ह डब्यात ठेवायच्या आधी, चाकूच्या टोकानं एक रेघ ओढायचे. काकूंनी त्या कधी मोजल्या नव्हत्या. मोजायची कधी गरजच पडली नव्हती.

"किती होत्या, आठवतंय तुला?"

मी म्हणालो, "अकरा."

मोजल्या नव्हत्या मी. अकरा कुठून आलं, मला आजही माहीत नाही. त्यांनी मान हलवली, जणू त्यांनाही तेवढ्याच वाटत होत्या. पुढे मित्रानं मला सांगितलं, आई सगळ्यांना सांगते, यांच्या अकरा मोहिमा झाल्या. मी ऐकून घेतलं.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. मळ म्हणजे इतिहास नव्हे, मळ म्हणजे मळ, असं तो म्हणतो. दाबाखाली चालणाऱ्या टाकीची भेग याच थराखाली लपते, ती न पाहता स्टोव्ह पेटवलास तर भडका उडेल, मग तुझी अक्षरं घेऊन बस. त्याचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. पेटवायच्या प्रत्येक स्टोव्हचे सांधे मी साफ करतोच, पंप मारून टाकी पाण्यात धरतो, बुडबुडे बघतो. पण सांध्यांपाशी थांबायचं आणि बुडाला हात लावायचा नाही, हा नियम मी केला तो टाकीसाठी की त्या अकरासाठी, हे मला नीट सांगता येत नाही. खूण कुठली आणि ओरखडा कुठला, हे तेव्हा मला ओळखता आलं नाही. आता येतं असंही मी म्हणणार नाही. म्हणून सगळंच ठेवतो.

सध्या टेबलावर एक आहे. नाव पुसलेलं, बर्नर बहुधा नंतरचा. बुडाला हिरवी कीट चढली आहे आणि ती धातू खाते आहे. कीट काढली नाही तर टाकी जाईल. तिच्याखाली तीन रेघा दिसतात, चौथी असावी. मोजून लिहून ठेवल्या आहेत, चौथीपुढे प्रश्नचिन्ह घालून. कीट अजून काढलेली नाही.