पहिलं पाणी जाऊ दे

वळवाची सर सुरू झाली की आजी पागोळ्यांखाली घंगाळ लावू द्यायची नाही. "पहिलं पाणी जाऊ दे," म्हणायची. कौलं धुतली जातात म्हणून, असं मी धरून चाललो होतो. परवा पुण्यात गच्चीच्या कठड्यावर स्टीलची ताटली ठेवून पाहिली. वर ना कौल, ना झाड. तरी वाळल्यावर ताटलीत मातकट वर्तुळं, एकेका थेंबाचं एकेक. म्हणजे हवाच धुतली होती की!

या धुलाईचं गणित मांडणारे लोक आजीपेक्षा फार वेगळं बोलत नाहीत. ठरावीक वेळात हवेतल्या धुळीचा ठरावीक हिस्सा जातो, मग उरलेल्यातला पुन्हा तेवढाच. समजा तासाला निम्मी गेली, तर रुपयातले आधी आठ आणे उरतात, मग चार, मग दोन. शून्य काही होत नाही. निम्मी हा माझ्या सोयीचा आकडा; खरा हिस्सा पावसाच्या जोरावर आणि कणाच्या आकारावर ठरतो.

आणि खरी मजा त्या आकारातच आहे. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चारेक मीटर वेगाने खाली येतो. वाटेतल्या जाड कणाला वळायला सवड मिळत नाही, तो आपटतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भिरभिरतात आणि कधीतरी थेंबाला चिकटतात. सुटतात ते मधले, साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटरचे. चहात पडलेली मुंगी बोटाने काढायला जावं आणि तिने चहाबरोबर अलगद बाजूला सरकावं, तसं थेंबापुढची हवाच त्यांना बाजूला नेते. या फटीला 'ग्रीनफिल्ड गॅप' म्हणतात. ग्रीनफिल्ड या शास्त्रज्ञाने १९५७ साली ती दाखवली. गाड्यांच्या धुरातली काजळी बरीचशी याच मापाच्या आसपासची, हे आपलं नशीब.

पण याच मापाचे मिठाचे, सल्फेटचे कण वर ढगात पोचले, की त्यांच्यावरच बाष्प साकळून थेंब धरतो. खाली पावसाला हुकणारा तिथे पावसाचं बी होतो, आणि मग पावसातूनच खाली येतो.

आजी नेमक्या किती सरी जाऊ द्यायची, ते आठवत नाही. मी तिसऱ्या सरीला ताटली पुन्हा ठेवली. वर्तुळं होतीच, फक्त ती दिसायला ताटली उजेडात तिरकी धरावी लागली.