आर्किटेक्टच्या कोटेशनमध्ये काय नसतं

आजचा दिवस आर्किटेक्टची कोटेशनं वाचण्यात गेला. पुण्यात धायरीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट (२१७८ चौरस फूट), तळमजला अधिक एक. खालचा एकूण आकडा बघायची घाई नको, आधी त्यात काय काय धरलंय ते बघा.

महापालिकेची मंजुरी, जोते तपासणी (पाया जोत्यापर्यंत आल्यावरची), भोगवटा पत्र (राहायला जायची परवानगी) हे बऱ्याचदा वेगळं आकारतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. त्यावर जीएसटी १८ टक्के. साइट व्हिजिट 'गरजेनुसार' लिहिलं असेल तर तो शब्द खोडून टप्पे लिहून घ्या: आखणी, फुटिंगचं (पायाचं) स्टील, जोतं, प्रत्येक स्लॅबच्या आधी. स्लॅब ओतून झाल्यावर येऊन काय उपयोग?

आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतो.

खरी गोची ड्रॉइंगची. मंजुरीच्या नकाशावर घर बांधता येत नाही. वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामाचे तपशीलवार नकाशे) हवीत: सेंटरलाइन (कॉलम-भिंतींच्या मध्यरेषा), दारं-खिडक्या, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल. स्ट्रक्चरलवाला उशिरा आला की ९ इंची कॉलम ६ इंची भिंतीतून ३ इंच बाहेर येतो आणि कपाट बसत नाही. जिन्यावरचा बीम खाली आला तर रोज डोकं आपटणार; पायरीपासून बीमच्या तळापर्यंत ७ फूट मोकळे हवेतच.

आणि पहिल्या भेटीला सातबारा, मोजणी नकाशा, झोन दाखला घेऊन जा. मोजणी जुनी असेल तर आधी नवीन करा. सामासिक अंतरं (घराभोवती मोकळी सोडायची जागा) प्लॉटच्या हद्दीपासून मोजतात, शेजाऱ्याच्या कुंपणापासून नाही.