उजवीकडचं स्टिअरिंग

मंगळवारी सकाळी सातला गल्लीत काचेचा खणखणाट झाला की समजायचं, रिसायकलिंगचा ट्रक आला. आमचं विस्कॉन्सिनमधलं छोटं गाव आहे, इथे अजून जुनेच ट्रक फिरतात. बाबा पुण्याहून आलेत तीन महिन्यांसाठी, जेटलॅगमुळे पहाटे चारपासून जागेच, तर पहिल्याच मंगळवारी खिडकीतून ओरडले, "अगं ये लवकर, याचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे आहे!"

खरंच की! पाच वर्षं राहतेय पण कधी लक्षातच आलं नव्हतं. अख्खा देश डावीकडे बसून गाडी चालवतो आणि हा ट्रकवाला उजवीकडे, तेही चक्क उभा राहून. इथे ट्रॅफिक उजव्या बाजूने, घरंही त्याच बाजूला, मग दर घरापाशी डावीकडून उतरून ट्रकला वळसा कोण घालत बसणार.

उतरतो, आमचा क्रेट उचलतो आणि तिथेच उभ्या उभ्या निवडतो. बाजूला पत्र्याचा हौद, तो भरला की हायड्रॉलिकवर वर जाऊन आत उलटा होतो. बाबांची हयात भोसरीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, दुसऱ्या मंगळवारी निदान आलं, "सिलिंडर गळतोय त्याचा, सील बदल म्हणावं."

मोठ्या शहरांत आता एकच मोठा डबा, ट्रकचा यांत्रिक हात येतो आणि उचलतो, ड्रायव्हर खाली उतरतच नाही. पण सगळं एकत्र दाबलं की काच फुटून तिचा चुरा कागदात घुसतो, मग पुढे प्लांटमध्ये निवडत बसा. आमचा खटारा स्लो आहे पण माल चोख.

ट्रकचे कप्पे बघून बाबा म्हणाले, कागद, काच, पत्रा, अगं हे तर आपल्या कचरावेचक ताईंच्या संघटनेचं नाव! कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, पुण्यात १९९३ पासून. कोथरूडला आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ज्या ताई येतात त्या हेच सगळं हाताने करतात, हायड्रॉलिक वगैरे काही नाही.

मग बाबांनी पेपरांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा करून ठेवला आणि मला म्हणाले, किलोला काय देतो विचार.

म्हटलं बाबा, तो देत नाही, आपणच महिन्याला पैसे भरतो.

"रद्दी न्यायचे?!"

तेव्हापासून पेपर क्रेटमध्ये टाकायला बंदी आहे. गॅरेजमध्ये गठ्ठे कमरेपर्यंत आलेत.