गार गाडीला रोग नसतो

माझी एसयूव्ही २०१२ ची, डिझेल, ऑटोमॅटिक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तिसरा गिअर पडेना. आरपीएमची सुई ४००० वर, इंजिन बोंबलतंय, गाडी रेंगाळतेय. मग पाठीत गुद्दा बसावा तसा पडला एकदाचा. पुण्यात आल्यावर सर्व्हिस सेंटरला दिली. इथवर ठीक.

तिथला सल्लागार सकाळी साडेनऊला, रात्रभर उभी असलेली गाडी काढायचा, समोरच्या रस्त्यावर २ किलोमीटर फिरवायचा आणि मला फोन करायचा, "सर, गाडी ओके आहे. स्कॅनरला एकही एरर कोड नाही." अहो, ती तापल्यावर करते, चाळीसेक मिनिटं चालवा, चढावर न्या. "हो सर, नोट केलंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेनऊ, पुन्हा २ किलोमीटर. सहाव्या दिवशी जाऊन जॉबकार्ड बघितलं तर तक्रार काय लिहिलेली? 'पिकअप कमी'! एअर फिल्टर बदलून बिलात लावलासुद्धा होता. तेव्हा जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा; मला ही अक्कल सहा दिवसांनी आली.

बाराव्या दिवशी सूरच बदलला. "पूर्ण गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल." ३ लाख ८० हजार. गाडी विकली तरी तेवढेच यायचे. गिअरबॉक्सचं तेल बघितलं का, विचारलं. "यात लाइफटाइम तेल असतं सर, पातळी बघायची डिपस्टिकच नाही." वॉरंटी संपली की लाइफ संपलं, असंच धरत असावेत. आणखी पाच दिवस 'मॅनेजर बोलतील' यावर काढले. मॅनेजर बोलले नाहीत.

सतराव्या दिवशी गाडी उचलली आणि हडपसरला एका गॅरेजात नेली. तिथला पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही बसा शेजारी." थेट दिवे घाटात घातली. अर्ध्या घाटात सुई उडाली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

तेल काळं, जळका वास, आणि जवळजवळ दीड लिटर कमी. गिअरबॉक्सच्या वायरिंग कनेक्टरच्या सीलमधून झिरपत होतं. चढावर उरलेलं तेल मागे सरकतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो, गिअरबॉक्समधले क्लच घसरतात. तापून पातळ झालं की आणखी वाईट. गिअरबॉक्सच्या तळाशी धातूचा चुरा पकडणाऱ्या चुंबकावर काळा लगदा होता, धातूच्या कपच्या नव्हत्या, म्हणून वाचलो. "तेल सोलकढीसारखं गुलाबी निघालं असतं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय समजायचं, मग बॉक्स खोलण्याशिवाय इलाज नाही," पोरगा म्हणाला.

सील, फिल्टर आणि तीन वेळा तेल. एका वेळी साधारण निम्मंच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) राहतं. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावरच बघतात. गारेगार गाडीत भरून प्लग आवळणाऱ्याकडे जाऊ नका. एकूण ३१ हजार.

हो, एक राहिलं: रस्त्यात बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आत तेल फिरत नाही. चारही चाकं वर घेणारी टोइंगची गाडीच बोलवा.

घाट आता मस्त चढते. फक्त सकाळी गार असताना पहिल्या-दुसऱ्यात हलका झटका देते. तो साडेनऊच्या चकरेत नक्की सापडला असता.